आईला लागणारी गाडी

आमच्या बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत. घाटाखालचा आणि घाटावरचा. मी घाटाखालची, शेगावची. आमच्याकडे काळी, भारी जमीन, कापूस आणि उन्हाळ्यात अंगाची लाही करणारी हवा. खामगाव सोडून मेहकरच्या वाटेला लागलं, की टेकड्या जवळ येतात, रस्ता वळणं घेत वर चढतो आणि हवा थोडी हलकी होते. घाटावर बोलणंही बदलतं. आमचं 'करून राह्यलो' हळूहळू विरळ होतं आणि मराठवाड्याचे हेल कानावर पडू लागतात. शिकायला आणि मग नोकरीला मी बाहेर गेले आणि आपलाच जिल्हा नीट पाहायचा राहून गेला. या दिवाळीनंतरच्या सुटीत तो थोडासा पाहिला, तोही गाडीच्या बॉनेटखाली वाकून.

मी नाशिकला एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा हयातभर शेगावात एका लॉजवर गाद्या-चादरींचं काम करत आले. आईनं लोकांच्या शेतात निंदण-खुरपण केलं, आणि माझ्या वह्यापुस्तकांत कधी खंड पडू दिला नाही. गेल्या वर्षी मी जुनी, सात जणांची एक डिझेल गाडी घेतली ती या दोघांसाठीच. थंडीत त्यांना नाशिकला न्यायचं, जमलं तर तिथेच ठेवायचं, असा माझा बेत होता.

पण आईला गाडी लागायची. पहिल्याच फेरीत लागली, दुसऱ्या फेरीतही. डोकं धरून बसायची, मळमळायचं, मग ओकारी. आम्ही सगळे उपाय केले. लिंबू हुंगायला दिलं, गोळी दिली. गाडी लागणाऱ्या माणसाला पुढे बसवावं म्हणतात, म्हणून तिला माझ्या शेजारी बसवलं आणि थंड हवेची जाळी थेट तिच्या तोंडावर वळवली. तरी तेच. या सुटीत मी घरी आले तेव्हा तिनं सांगून टाकलं, "बाई, आता डोणगावले मावशीच्या घरी ने. तेवढं एक करतो. मंग मले या गाडीत बसा म्हणू नको. नाशिक माह्या नशिबात नाई."

डोणगावला माझ्या मावशीनं नवं घर बांधलं होतं. दोन दिवसांनी तिथे बुद्धवंदना आणि जेवण होतं. म्हणून आम्ही निघालो.

घाट

सकाळी शेगावच्या कचोऱ्या बांधून घेतल्या. बाबा मागच्या सीटवर, आई पुढे. मांडीवर पिशवी, पिशवीत मावशीसाठी लुगडं, वंदनेसाठी मेणबत्त्या आणि उदबत्तीचा पुडा, आणि वर चार-पाच लिंबं. खामगावपर्यंत कापूस वेचणाऱ्या बाया दिसत होत्या. ओटीत कापूस भरून पोट सुटल्यासारख्या दिसणाऱ्या. पुढे तूर पिवळ्या फुलांवर आलेली होती.

गाडीचा एक बारीक आवाज मी ती घेतल्यापासूनच ऐकत होते, पण काही दिवसांपासून तो छळायला लागला होता. सुरू केली की टिक-टिक-टिक, जणू कुणी पत्र्यावर नखानं वाजवतंय. तापली की आवाज दबायचा. घाट चढताना मात्र तो मोठा झाला, फुट-फुट असा.

बाबा म्हणाले, "बुलेटवानी वाजून राह्यली. इज्जत वाढली आपली."

 आईनं डोळे मिटून लिंबू नाकाशी धरलं होतं. घाट संपता संपता तिनं हातानं खूण केली. मी गाडी कडेला घेतली आणि ती उतरून बाभळीच्या खोडाला धरून वाकली. मलाही डोकं जड वाटत होतं. चष्म्याचा नंबर बदलला असावा असं मी स्वतःला सांगत होते.

जानेफळला आम्ही चहा घेतला. आईनं नुसतं पाणी प्यायलं. कचोऱ्या तशाच राहिल्या.

मेहकर

मेहकरला पोहोचेपर्यंत आवाज इतका वाढला, की रस्त्यावरची माणसं वळून पाहू लागली. बसस्थानकापासून जवळच ट्रॅक्टर-ट्रॉल्या जोडणारी वेल्डिंगची दुकानं आहेत. त्यांच्याच रांगेत हनीफभाईंचं गॅरेज. हनीफभाई म्हणजे मोठा आवाज, मोठं पोट आणि स्वतःवर मोठा विश्वास. गाडी आत येण्याआधीच त्यांनी निकाल दिला.

"टापेट! मॅडम, मी रोडवरून आवाज ऐकला. डोळे बांधा माहे, टापेटच निघन."

"झडपांचा भाग असेल, पण आधी बॉनेट तर उघडा," मी म्हटलं.

"उघडू. पण आज नाई. इंजिन भट्टीवानी तापलं. रातभर थंड होऊ द्या. उद्या सकाळी पाहू."

डोणगाव तिथून फार लांब नाही. गाडी तिथेच ठेवून एसटीनं जायचं ठरलं. बसमध्ये पुढे जागा नव्हती. आईला शेवटच्या बाकड्यावर, चाकाच्या वर जागा मिळाली.  आता काही खरं नाही म्हणून मी तिच्याजवळ रिकामी पिशवी उघडून धरली.

बस निघाली. खिडक्यांची तावदानं थडथडत होती, प्रत्येक खड्ड्याला आम्ही बाकड्यावरून उडत होतो. आईनं बाहेर पाहिलं. मग शेजारच्या म्हातारीशी तिच्या सुनेची चौकशी सुरू केली. मग बाबांच्या हातातली फुटाण्याची पुडी मागून घेतली.

"आई, मळमळत नाही?"

"नाई व. यष्टी कधी लागली मले? निंदाले जात होतो तवा टेम्पोच्या मांगं उभी राहून जाओ आम्ही."

"मग गाडीच काऊन लागते तुला?"

ती थोडा वेळ फुटाण्याची सालं फुंकत बसली. मग अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली, "तुही गाडी चांगलीच हाय. गार हवा, मऊ गादी. पण आपल्या जिवाले सवय नाई ना त्याची. मानवत नाई आपल्याले एवढं सुख. तुले वाईट वाटू नये म्हनून बोलली नाई."

बाहेर सोयाबीन काढून रिकामी झालेली रानं मागे जात होती. माझ्या डोक्यात गोष्टी जुळायला लागल्या होत्या. हेलकाव्यांनी तिला गाडी लागत असती, तर ही बसही लागली असती. लागत होती ती फक्त आमची गाडी. त्यातही पुढची सीट. त्यातही तोंडावर वळवलेली ती जाळी. आणि माझं डोकंही हल्ली गाडीतच जड व्हायचं. वर्गात चष्मा तोच असतो, तिथे कधी दुखत नाही.

प्रयोगशाळेत आमच्याकडे एक कपाट असतं. विषारी धूर बाहेर खेचून नेणारं. ते नीट चालतंय का, हे मी दर सत्राच्या सुरुवातीला उदबत्ती लावून पाहते. मला आईच्या पिशवीतला पुडा आठवला.

मावशीच्या घरी पोहोचल्यावर आईनं वांग्याच्या भरितासोबत भाकरी खाल्ली, वर आणखी अर्धी मागून घेतली. मी तिच्याकडे पाहत राहिले.

पुन्हा मेहकर

सकाळी आई मावशीसोबत नव्या घराची सफेदी निरखत बसली आणि मी बाबांना घेऊन पहिल्या बसनं मेहकर गाठलं. सोबत उदबत्त्या. हनीफभाईंनी आमच्या हातातला पुडा पाहिला.

"मॅडम, गाडीची पूजा करता का काय? आधी रिपेर तर होऊ द्या!"

"पूजा नाही. इंजिन थंड आहे तोवर सुरू करा, आणि धुराच्या नळ्यांवरचं ते पत्र्याचं झाकण काढा. एक गंमत पाहू."

झाकण निघालं. इंजिनातून जळलेला धूर जिथून बाहेर पडतो, तिथे बिडाची एक जाड, फाटे फुटलेली नळी असते. तिला मॅनिफोल्ड म्हणतात. ती इंजिनाला बोल्टांनी आवळलेली असते. हनीफभाईंनी चावी फिरवली. टिक-टिक सुरू झाली. मी पेटती उदबत्ती त्या सांध्यालगत हळूहळू सरकवत नेली. धुराची रेघ सरळ वर जात होती. पहिल्या फाट्यापाशी सरळ, दुसऱ्यापाशी सरळ. कडेच्या फाट्यापाशी आली आणि कुणी तोंडानं फुंकर मारावी तशी ती रेघ तुटली. फू, फू, फू. प्रत्येक टिकेला एक फुंकर.

"अरे बाप रे," हनीफभाई खाली वाकले. बोट लावून पाहिलं, बोट काजळीनं काळं झालं. "सांध्यातली पॅकिंग गेली! टापेट नाई हे."

"डोळे बांधा म्हणत होते ना तुमी?" बाबा म्हणाले.

"काकाजी, डोळे बांधले असते तर नाकानं सांगतलं असतं!" ते हसले, आणि लगेच गंभीर झाले. ज्या फटीतून धूर फुंकला जात होता, तिच्या बरोब्बर वर, काचेच्या खाली, केबिनमध्ये हवा ओढणारी जाळी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोन बसते समोर?"

"आई. आणि हवा आम्ही तिच्या तोंडावर वळवतो. तिला गाडी लागते म्हणून."

 मग मी बाबांना समजावून सांगितलं. जळलेल्या डिझेलच्या धुरात एक वायू असतो. त्याला ना रंग, ना वास. तो रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो. थोडा गेला की डोकं दुखतं, मळमळतं, डोळे मिटावेसे वाटतात. जास्त गेला तर माणूस उठतच नाही. सोबतचा काळा धूर निदान नाकाला कळतो, पण तो वास आम्ही जुन्या डिझेल गाडीचाच समजत होतो; हा तर कळतही नाही. बाबा ऐकता ऐकता बाजूच्या टायरवर बसले.

"मंग तिले काई झालं नाई हे..." एवढंच म्हणाले आणि खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला.

काम सुरू झालं. गॅस्केट म्हणजे काय, हे मला पुस्तकापुरतं ठाऊक होतं. गॅरेजात त्याला पॅकिंग म्हणतात. दोन लोखंडं कितीही घासून सपाट केली तरी ती एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत. तापली की ताणतात, निवली की आकसतात. मधली फट भरायला एक पातळ, दबणारा थर लागतो. बाबांना हे लगेच कळलं.

"म्हंजे गादीच होय ना मंग. खालून पलंग टोचू नये म्हनून."

हनीफभाईंनी बोल्टांवर आधी कसलंसं तेल सोडलं होतं, तरी एक बोल्ट कुरकुरला आणि तुटून निम्मा आतच राहिला. ते चिडले नाहीत. शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हाक मारली. त्यानं तुटलेल्या टोकावर एक नट ठेवून वेल्ड मारला, आणि तापलेल्या नटाला पाना लावून उरलेला बोल्ट स्क्रूसारखा बाहेर काढला. मला ही युक्ती इतकी आवडली, की मी त्याला दोनदा समजावून सांगायला लावलं. तो लाजला.

मॅनिफोल्ड उतरलं आणि जुनी पॅकिंग हाती आली. एक नव्हे, दोन. कुणीतरी पूर्वी एकावर एक दोन पत्रे ठेवून, मध्ये लाल मलम भरून, घट्ट आवळून दिलं होतं. त्यातूनच धुरानं वाट काढली होती, कडेचा भाग जळून पापडासारखा झाला होता.

गंमत अशी, की अर्ध्या तासापूर्वीच हनीफभाई मला म्हणाले होते, "मॅडम, डबल पॅकिंग टाकून देतो. पक्कं काम. पुन्हा यायचं कामच नाई." आता ते हातातल्या त्या दोन पापडांकडे पाहत होते.

"डबलच हाय हे तर," ते पुटपुटले.

"डबल कधी टिकत नाई भाऊ," बाबा टायरवरून उठले. "लॉजवर पाह्यलं मी जिंदगीभर. गिऱ्हाईक म्हनते दोन गाद्या टाका, नरम लागते. टाकल्या का रातीतून वरची सरकते अन् मानूस खाली. एकच टाका, पन चादर कचकून खोसा."

हनीफभाई आधी हसले, मग विचार करून म्हणाले, "बरोबर हाय काकाजी. तापलं का दोन्ही येगयेगळ्या सरकत असतीन. सिंगल टाकू. तुमच्या लॉजचा फॉर्म्युला."

तयार पॅकिंग मेहकरात मिळाली नाही. खामगावला फोन झाला आणि एका काळीपिवळीच्या ड्रायव्हरच्या हातून ती येणार असं ठरलं. आमच्याकडे अजूनही अशीच अर्धी खरेदी होते. नाशिकमध्ये माणूस दारात येतो, सही घेतो आणि त्याचं नावही कळत नाही. इथे दुकानदारानं ड्रायव्हरचं नाव, गाव आणि तो कुणाचा जावई, हेही सांगितलं.

तोवर वेळ होता. शेजारी एका जुन्या ट्रॅक्टरचं काम चाललं होतं. त्याची पॅकिंग बाजारात मिळत नाही, म्हणून ती हातानंच कापत होते. जाड पत्र्यासारखा कागद लोखंडाच्या तोंडावर ठेवायचा आणि कडेकडेनं गोल तोंडाच्या हातोडीनं हलके ठोके द्यायचे. खालची लोखंडाची धारच कागद कापते. छिद्रंसुद्धा तशीच पडतात. मोजमाप नाही, नकाशा नाही. भाकरी थापताना कड फिरते तसा कागद त्या हाताखाली फिरत होता. मला एक छिद्र करू दिलं. माझं वाकडं झालं. "चालते मॅडम, ट्रॅक्टर काई मार्क कापत नाई," हनीफभाई म्हणाले.

आमचं मॅनिफोल्ड मात्र सपाट आहे का, हे पाहायचं होतं. जाड काचेवर पॉलिश पेपर अंथरून त्यांनी ते तोंड त्यावर घासलं. जिथे टेकलं तिथे चकाकलं, नाही टेकलं तिथे काळं राहिलं. कडेला थोडं काळं होतं. मग बाबा आणि मी आळीपाळीनं घासत बसलो, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत. बाबा वही तपासणाऱ्या मास्तरासारखे दर वेळी उचलून उजेडात पाहत.

दुपारनंतर पॅकिंग आली. पातळ, पोलादी, एकच. बोल्ट मधून सुरू करून दोन्ही बाजूंना, थोडे थोडे, आवळले गेले. गाडी सुरू झाली. टिक-टिक गेली होती. मी पुन्हा उदबत्ती फिरवली. रेघ शेवटपर्यंत सरळ वर गेली.

"आता डोणगावले जाऊन या," हनीफभाई म्हणाले. "पन वापस जाताना थांबा. तापून निवल्यावर बोल्ट जरासे ढिले होतात. एकदा पुन्हा आवळतो. आणि मायले घेऊन या. त्याईचं सर्टिफिकेट लागन मले."

डोणगाव

वंदनेला मावशीचं अंगण भरलं होतं. गावात भिक्खू नव्हते, म्हणून विहारातल्या एका वडीलधाऱ्या उपासकांनी त्रिशरण-पंचशील दिलं. पुड्यातल्या उरलेल्या उदबत्त्या तिथे लागल्या. शेजारच्या शेतकऱ्यांच्या बाया शिगोशीग परात भरून हरभऱ्याची भाजी घेऊन आल्या. जेवायला कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण होतं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा फोडायचा, त्यात तूप ओतायचं आणि बोलणं बंद करायचं. आमच्याकडे घाटाखालीही रोडगे करतात, पण मावशी म्हणते घाटावरचे जास्त खुसखुशीत. आई म्हणते नाही. दोघी बहिणी यावर मी लहान असल्यापासून भांडत आल्या आहेत.

रात्री आवराआवर करताना मी आईला धुराचं सांगितलं. मला वाटलं ती घाबरेल. तिनं ऐकून घेतलं, ताट पालथं घातलं.

"म्हंजे माह्या जिवाले काई झालं नव्हतं?"

"नाही. गाडीलाच झालं होतं."

"अन् मी इकडं म्हनून राह्यली का आपल्याले सुख मानवत नाई."

मावशी मध्येच म्हणाली, "तू लहानपनापासून अशीच हायेस. काटा रुतला तर म्हने माह्याच पायाची चूक."

आई हसली, पण निघायच्या दिवशी ती तरीही मागच्या सीटवर बसायला निघाली. कारण कळलं म्हणून भीती जात नाही, हे मला तेव्हा दिसलं.  मी पुढचं दार उघडं ठेवलं. ती थोडा वेळ उभी राहिली, मग पिशवी सांभाळत पुढे येऊन बसली. हात लांब करून जाळी बंद केली, लिंबू बाहेर काढलं.

परत घाटाखाली

मेहकरला गाडी निवेपर्यंत आम्ही पैनगंगेकडे एक चक्कर मारून आलो. हनीफभाईंनी बोल्ट पुन्हा आवळले, थोडे सरकलेच. मग आईला म्हणाले, "माय, बसा आणि दहा मिनिटं नुसता वास घ्या. काई वाटलं तर मला शिव्या द्या."

आईनं गंभीरपणे वास घेतला. "तुमच्या तंबाखूचा येऊन राह्यला."

"तो माझ्या तोंडाचा, गाडीचा नाई!"

जानेफळ गेलं. घाट लागला.  आरशात दिसत होतं, बाबा मागून आईच्या मानेकडे पाहत होते. मीही प्रत्येक वळणाला डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहत होते. खाली, दूरवर, आमचा सपाट, काळा मुलूख उन्हात पसरलेला होता. ती बाभूळ आली, जिला धरून आई वाकली होती. आईनं तिच्याकडे मान वळवून पाहिलं. आणि गाडी पुढे गेली.

थोड्या वेळानं पिशवी चाचपण्याचा आवाज आला. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"थांबू?"

"काऊन? मावशीनं रोडगा बांधून देला, तो काढून राह्यली. भूक लागली."

तिनं रोडगा फोडला, ठेच्याची पुडी उघडली आणि हातातलं ते लिंबू दातानं फोडून ठेच्यावर पिळलं. एक तुकडा मागे बाबांना दिला, एक माझ्या तोंडात घातला. मग बोटं पदराला पुसली, आणि बंद केलेली जाळी आपल्याच हातानं उघडून पूर्ण आपल्या तोंडाकडे वळवली.

घाट संपला तेव्हा तिनं विचारलं, "बाई, नाशिकले जायाचं म्हंजे सकाळी किती वाजता निंघा लागते?"